पाळी थांबलीय, आणि सर म्हणतात ट्रेनिंग अंगाला लागतंय

पत्र थोडं छोटं करून देतेय, गावाचं नाव काढलंय.

"ताई नमस्कार. आम्ही माण तालुक्यातले, घरची शेती. मुलगी १७ वर्षांची, बारावीला, ३००० मीटर आणि क्रॉस कंट्री पळते, जिल्ह्यात दोनदा पहिली आलीय. गेल्या वर्षी सर म्हणाले वजन उतरव, हलकी झालीस की टायमिंग येईल. ४७ ची ४२ किलो झाली. टायमिंग आलं पण, १० मिनिटं ४२ सेकंदाचं १०.२८ झालं, सगळे खूश. आता दोन महिने उलटंच चाललंय, मागच्या स्पर्धेत ११ मिनिटांच्या जवळ गेली. नडगी दुखते म्हणते. सारखी थंडी वाजते, चिडचिड करते. पाच महिने पाळी नाही. सर म्हणतात पळणाऱ्या पोरींचं असं होतंच, ट्रेनिंग अंगाला लागतंय असं समजा. सासूबाई म्हणतात पोरीला दाखवून आणा. जिमवाल्याने साडेतीन हजाराचा प्रोटीनचा डबा सांगितलाय. कुठला घ्यावा आणि रक्तवाढीच्या गोळ्या सोबत चालतील का एवढं सांगा. रात्री ती भाकरी-भात खात नाही, उसळ आणि काकडी फक्त. अंड्यातलं पिवळं टाकून देते. सकाळी उपाशीपोटी पळते, दोन्ही वेळचं मिळून रोज १२ किलोमीटर होतं."

ताई, तुमच्या सासूबाईंचं बरोबर आहे. डब्याचं नंतर बघू, आधी पोरीला दाखवून आणा, याच आठवड्यात. आणि नडगीचं दुखणं नक्की काय आहे ते कळेपर्यंत तिचं पळणं बंद ठेवा, मग पुढच्या महिन्यात कुठलीही स्पर्धा असली तरी.

एवढं घाईने सांगतेय कारण तुम्ही पत्रात ज्या गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्यात, वजन, पाळी, नडगी, थंडी, चिडचिड, पडलेलं टायमिंग, ती सगळी मला एकाच ठिकाणाहून आलेली दिसतायत. पोरगी जेवढी पळते तेवढं खात नाहीये. नक्की काय ते डॉक्टर तपासून सांगतील, पण तुम्ही लिहिलेलं तिचं दिवसभराचं खाणं मी कागदावर मांडून बघितलं. सकाळचा अर्धा कप चहा, पळून आल्यावर दोन अंड्यांचं पांढरं, डब्यात दोन चपात्या आणि भाजी, दुपारी एक केळं, मूठभर शेंगदाणे, रात्री दोन वाट्या उसळ, काकडी, ताक. ओढूनताणून १४०० किलोकॅलरी होतात. आता पळण्याचा खर्च बघा. ढोबळ हिशोब असा की एक किलोमीटर पळायला किलोमागे एक किलोकॅलरी जाते, म्हणजे ४२ किलोच्या मुलीला १२ किलोमीटरला साधारण ५००. राहिल्या ९००. या ९०० मध्ये तिचं हृदय, मेंदू, हाडं, रक्त, पचन, बारावीचा अभ्यास, वाढ आणि पाळी एवढं सगळं भागवायचंय.

आता हे ९०० कमी की पुरेसे, तेही मोजता येतं. अंगातली चरबी वजा केली की तुमच्या लेकीचं वजन साधारण ३६ किलो राहील, ९०० भागिले ३६ म्हणजे किलोमागे २५. तरुण बाईचं शरीर नीट चालायला हा आकडा ४५ च्या आसपास लागतो. २००३ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग छापून आला होता, नियमित पाळी येणाऱ्या २९ तरुणींना फक्त पाच दिवस वेगवेगळ्या प्रमाणात कमी अन्नावर ठेवलं, आणि ३० च्या खाली गेल्यावर मेंदूकडून अंडाशयाला ठरावीक अंतराने जो हार्मोनचा निरोप जातो तो विस्कळीत झाला, पाच दिवसांत. ३० ची रेघ सगळ्यांना सारखी लागू होत नाही, कुणाची आधी बिघडते कुणाची नंतर, हे पुढच्या अभ्यासांत दिसलंय, पण तुमची लेक वर्षभर या भागात वावरतेय.

शरीर इथे काय करतं ते समजून घ्या म्हणजे सरांशी बोलताना उपयोगी पडेल. दुष्काळात आपण काय करतो, पाणी कमी पडलं की आधी जनावरं आणि माणसं बघतो, बाग सोडून देतो. शरीर पण तेच करतं, मूल होणं ही आत्ता जगायला लागणारी गोष्ट नाही, म्हणून पहिल्यांदा पाळीचं पाणी तोडतं. मग थायरॉइडचा वेग उतरवतं, त्यामुळे थंडी वाजते. नवीन हाड बनवणं कमी करतं. झोप, मूड, जखम भरणं, सगळ्यातून थोडं थोडं काढतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याला नाव दिलं, इंग्रजी आद्याक्षरं जोडून रेड-एस म्हणतात, म्हणजे खेळाडूच्या शरीरात खर्चाच्या मानाने ऊर्जा कमी पडणं. २०१८ आणि २०२३ मध्ये त्यात सुधारणा केल्या, आणि हे मुलांनाही होतं. मुलींना निदान पाळी तरी सांगते. त्यामुळे 'पळणाऱ्या पोरींचं असं होतंच' हे वाक्य अर्धंच खरं आहे. होतं, खूप जणींचं होतं, पण ते ट्रेनिंग लागल्याचं लक्षण नाही, जेवण कमी पडल्याचं आहे.

मग सुरुवातीला टायमिंग कसं आलं? हीच तर फसगत आहे. पाच किलो उतरले, इंजिन तेच, गाडी हलकी, थोडे दिवस वेग वाढतो. सरांना वाटतं आपलं बरोबर होतं, पोरीला वाटतं अजून दोन किलो उतरवले तर अजून १० सेकंद जातील. मग इंजिनच उतरायला लागतं. पोहणाऱ्या मुलींवर एक अभ्यास आहे, २०१४ चा, तुमच्या लेकीच्याच वयाच्या, १५ ते १७ च्या, दहाच जणी होत्या पण मला तो फार बोलका वाटतो. १२ आठवडे सगळ्यांचं ट्रेनिंग सारखं. ज्यांचं पाळीचं चक्र नीट चालू होतं त्यांचा ४०० मीटरचा वेग ८ टक्क्यांनी वाढला, ज्यांचं दबलेलं होतं त्यांचा जवळजवळ १० टक्क्यांनी घटला. तेच पाणी, तेवढीच मेहनत. सरांना पाळीबद्दल बोलायला संकोच वाटत असेल तर हा वेगाचा आकडा सांगा, तो त्यांना लगेच कळेल.

आता नडगी. ताई, लेकीला बसवा आणि विचारा, कुठे दुखतं ते एका बोटाने दाखव. तिने पूर्ण हात नडगीवरून फिरवला, इथून इथपर्यंत म्हणाली, आणि पळायला लागल्यावर दुखणं थोडं सैल होत असेल तर बहुतेक स्नायू आणि हाडावरच्या आवरणाचं दुखणं आहे. पण तिने एकच बोट एकाच जागी ठेवलं, दाबल्यावर ओरडली, पळताना वाढत जातं, रात्री झोपेतही ठणकतं, असं असेल तर ते हाडाची बारीक भेग, स्ट्रेस फ्रॅक्चर, असू शकतं. एक्स-रे साफ आला म्हणून पळायला पाठवू नका, पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये ही भेग बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. खर्च आहे, मला माहितीये, तरी हाडाच्या डॉक्टरांना पाळीचं आवर्जून सांगा, कारण नुसती 'नडगी दुखते' आणि 'नडगी दुखते, पाच महिने पाळी नाही, पाच किलो वजन उतरलंय' या दोन वेगळ्या केसेस आहेत. पाळी बंद असलेल्या खेळाडू मुलींना स्ट्रेस फ्रॅक्चरचा धोका पाळी नीट असणाऱ्यांपेक्षा दुप्पट ते चौपट असतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये फक्त. मी १९ वर्षांची होते, १५०० मीटर पळायचे, आठ महिने पाळी नव्हती आणि मला ते बरंच वाटायचं, कटकट नाही, स्पर्धेची तारीख बघून धास्ती नाही. आमचे तेव्हाचे सर दर सोमवारी सगळ्यांसमोर वजन करायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे. डाव्या नडगीवर रुपयाएवढी एक जागा होती, मोजा घालताना हाताला लागायची. एक्स-रे साफ आला म्हणून मी अजून तीन आठवडे पळले. मग एक दिवस वळणावर पाय टाकला आणि पुढचा टाकताच येईना, तो सीझन गेला आणि त्याच्या पुढचाही. कुणी वाईट नव्हतं त्यात, सरांना जे त्यांच्या सरांनी शिकवलं तेच त्यांनी आम्हाला शिकवलं. पण तुमच्या लेकीच्या बाबतीत तेच परत होताना मला बघवणार नाही.

आणि हे काही आपल्याकडच्या मागासलेपणाने होतंय असं नाही. अमेरिकेची मेरी केन १७ व्या वर्षी, तुमच्या लेकीएवढी असताना, २०१३ च्या जागतिक स्पर्धेत १५०० मीटर पळली, तिच्या देशाचं मोठं आशास्थान. २०१९ मध्ये तिनेच जाहीर सांगितलं की वजन कमी कर, अजून कमी कर या रेट्यात तिची तीन वर्षं पाळी गेली आणि पाच हाडं मोडली. तिथे सगळी साधनं होती, तज्ज्ञ होते, तरी झालं.

हाडांचं मी परत परत म्हणतेय कारण १७ हे वय परत येत नाही. माणसाच्या आयुष्यभराच्या हाडाची बहुतेक सगळी ठेव विशीच्या आत जमा होते. ज्या वयात भर पडायला हवी त्याच वयात हाडं जपणारं इस्ट्रोजेन हे बाईचं हार्मोन नाही आणि जेवण पण नाही, तर राहिलेली ठेव पुढे सगळी भरून निघेलच असं नाही.

डॉक्टरांकडे काय होईल ते आधीच सांगून ठेवते. स्त्रीरोगतज्ज्ञ पहिल्यांदा प्रेग्नन्सीची टेस्ट सांगतील, पाळी थांबलेल्या प्रत्येकीला सांगतात, त्यात चिडू नका आणि लेकीलाही आधी समजावून न्या. मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन, बाकीचे हार्मोन, सोनोग्राफी, म्हणजे पीसीओएस (अंडाशय आणि हार्मोनचा बिघाड) वगैरे दुसरं काही नाही ना हे बघता येतं. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि व्हिटॅमिन डी पण करून घ्या. कुणी नुसत्या हार्मोनच्या गोळ्या देऊन पाळी आणून देतो म्हणालं तर विचारा की मूळ कारणाचं काय. गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तस्राव होतो पण ती शरीराने स्वतः आणलेली पाळी नसते, हाडांची झीज त्याने थांबत नाही, आणि घरात सगळ्यांना वाटतं झालं बरं.

रक्तवाढीच्या गोळ्यांचं पण तसंच, आधी फेरिटिन बघा मग गोळी. कमी निघायची शक्यता बरीच आहे, आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्त कमी आहे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला हा आकडा. कमी असेल तर डॉक्टर देतील त्या घ्या. चहासोबत मात्र नाही, चहाने लोह अंगात कमी जातं. लिंबू पिळलेलं काहीतरी सोबत चालतं. पण एक लक्षात ठेवा, जेवण कमी राहिलं तर गोळीने पाळी येणार नाही.

आता डबा. प्रोटीन पावडर हे विष नाही, दुधातूनच काढलेली असते बहुतेक. पण तिच्या ताटात कमतरता आहे ती एकूण अन्नाची, आणि अन्न कमी असलं की शरीर प्रोटीनसुद्धा सरपणासारखं जाळतं. तिच्या वजनाला दिवसाला ६५-७० ग्रॅम प्रोटीन भरपूर झालं. ते घरात होतं, दोन आख्खी अंडी, दोन ग्लास दूध, दोन वाट्या उसळ, मूठ-दोन मूठ शेंगदाणे आणि भाकरी-चपातीतलं, ज्वारीत-गव्हातपण प्रोटीन असतं हे आपण विसरतो. दुसरी भीती जास्त मोठी आहे. तुमची लेक उद्या राज्य, राष्ट्रीय खेळेल, तिथे डोपिंगची टेस्ट होऊ शकते, आणि नियम असा आहे की अंगात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार, डब्यावर लिहिलं होतं की नव्हतं, कुणी दिलं, वय काय, पहिला प्रश्न हा नसतोच. अन्नाचं लायसन्स असणं आणि डोपिंगसाठी बॅच तपासलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासल्याची खात्री नसलेला डबा घेऊ नका. साडेतीन हजार एमआरआयसाठी बाजूला ठेवा.

मग करायचं काय? खूप मोठं काही नाही. पाळी गेलेल्या, व्यायाम करणाऱ्या तरुणींवर वर्षभराचा एक प्रयोग झालाय, २०२१ मध्ये छापून आला. व्यायाम तसाच ठेवून त्यांचं खाणं वाढवलं, सरासरी वाढ झाली दिवसाला ३३० किलोकॅलरीच्या आसपास, आणि तेवढ्याने पाळी परत यायचं प्रमाण वाढलं. ३३० म्हणजे किती माहितीये? शेंगदाणा-गुळाचे दोन लहान लाडू, पेढ्यापेक्षा जरा मोठे, ३०-३० ग्रॅमचे, त्यांचे ३०० होतात. राहिलेले अर्धा कप दुधात येतात. तुमच्या लेकीची तूट जास्त आहे म्हणून मी ६००-७०० म्हणेन, पण एकदम नको, दोन आठवड्यांत हळूहळू.

पहिलं, उपाशीपोटी पळणं बंद, पळायची परवानगी मिळाल्यावर सुद्धा. उठल्यावर एक केळं किंवा एक लाडू, बास, अर्ध्या तासाने निघायचं. आल्याआल्या, आंघोळीच्या आधी, दूध आणि आख्खी अंडी, पिवळ्यासकट, सगळं चांगलं त्यातच आहे. दिवसभराची बेरीज जुळली तरी मधले सात-आठ तास पोट रिकामं राहणं पण त्रासदायक ठरतं असं दिसलंय, म्हणून कॉलेजच्या डब्यासोबत एक छोटी डबी द्या, फुटाणे-गूळ, शेंगदाणे, खजूर, जे असेल ते. आणि रात्रीची भाकरी परत आणा. लांब पळणाऱ्याचं इंधन कार्बोहायड्रेट आहे, रोज तासभर तरी पळणाऱ्या खेळाडूला दिवसाला वजनाच्या किलोमागे ६ ग्रॅम तरी पाहिजे, तिला साधारण २५०. एका ज्वारीच्या भाकरीत ५० आले. भाकरी सोडायला लावणं म्हणजे ट्रॅक्टरचं डिझेल काढून घेऊन वजन कमी केलं म्हणण्यासारखं आहे. हुलग्याचं माडगं तुमच्याकडे होतंच, थंडीत ते द्या, नाचणी मिळाली तर चुलीवर तिचीही भाकरी टाका, हाडांना चांगली, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आणि चतुर्थी-एकादशीचे उपवास तिने सध्या करायचे नाहीत, हे सासूबाईंनी सांगितलं तर जास्त ऐकेल.

वजन वाढेल. दोन-तीन किलो वाढेल, कदाचित ४७ पर्यंत जाईल, आणि ते वाढलेलं बघून ती रडेल. इथे तुम्ही ठाम राहा. ती जेवण लपवत असेल, भाताच्या नावाने घाबरत असेल, जेवल्यावर बाथरूममध्ये जात असेल तर हे नुसतं आहाराचं प्रकरण नाही, समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ पण लागतील, त्यात लाज नाही. घरात वजनकाटा असेल तर उचलून माळ्यावर टाका.

सरांशी भांडू नका. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा, तिच्या बाबांनाही न्या, आणि साधं सांगा की सर, डॉक्टरांनी पळणं थांबवलंय, हाड तपासायचंय, पोरगी तुमचीच आहे, सहा महिने द्या. तोवर हाड दुखवणार नाही असा व्यायाम, पोहणं किंवा सायकल, डॉक्टर म्हणतील तसा आणि तेवढाच, नाहीतर परत खर्च वाढतो. आणि एक अट घाला, इथून पुढे तिचं वजन ग्राउंडवर कुणी करायचं नाही. तुमच्या माणमधल्याच मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या शर्यतीची, फायनल पळली, ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवर फायनल गाठणारी पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी पहिली भारतीय मुलगी, आणि तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. तुमची १७ ची आहे. सरांना हे दहा वर्षांचं अंतर मोजायला सांगा.

किती दिवस लागतील विचाराल. अंगात तरतरी, झोप, मूड हे काही दिवसांत-आठवड्यांत सुधारतं, पाळीला महिने लागतात, कधी वर्षसुद्धा, हाडांना वर्षं. मधे एक महिना आली आणि परत गेली असंही होतं, म्हणून पहिल्या पाळीवर लगेच ट्रेनिंग वाढवू नका. स्वयंपाकघरात कॅलेंडर असेलच, त्यावर दुधाच्या हिशोबाच्या बाजूला तिची तारीख तिला स्वतःलाच लिहायला सांगा, लपवून नाही. रिपोर्ट आले की पाठवा, विशेषतः फेरिटिन आणि एमआरआयचा, मी बघून कळवते.